काळा आल्डर, करडा आल्डर

सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी रोपवाटिकेच्या जुन्या मुकादमांनी नदीच्या बांधावरच्या सव्विसाव्या झाडाचे एक पान तोडले, उलटे करून पाहिले आणि ते काही बोलले नाहीत.

आधीच्या पंचवीस झाडांपाशी असे झाले नव्हते. तिथे पान हातात येताच ते 'थोरला' किंवा 'धाकटा' एवढेच म्हणत, मागे उभी असलेली त्यांची मुलगी वहीत खूण करी, आणि चौकशी अधिकारी खोडावर खडूने आकडा घालून पुढे सरकत.

"काय झालं?" अधिकाऱ्यांनी विचारले. त्या चाळिशीच्या होत्या, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून आल्या होत्या आणि सकाळपासून एकदाही बसल्या नव्हत्या.

"काही नाही. पाय रुतला जरा."

"आणि झाड?"

"धाकटाच," मुकादम म्हणाले. "हाही धाकटाच."

मुलीने खूण केली. वहीच्या उजव्या रकान्यात आता अकरा खुणा झाल्या होत्या. त्या रकान्यात एकही खूण असायला नको होती.

आल्डर हे पाण्याकाठी वाढणारे झाड आहे. त्याच्या दोन जाती या भागात शेजारी शेजारी उगवतात. एकीला काळा आल्डर म्हणतात, दुसरीला करडा. रोपवाटिकेतली माणसे त्यांना थोरला आणि धाकटा म्हणत. काळ्याचे पान गोलसर, आणि टोकाशी कुणीतरी चावा घेतल्यासारखे आत गेलेले. करड्याचे पान टोकदार, पाठीमागून राखाडी आणि लव असलेले. काळ्याच्या खोडाला भेगा पडतात, करड्याची साल म्हातारपणीही बऱ्यापैकी गुळगुळीत राहते. ही सगळी ओळख वरची. बांध बांधणाऱ्यांच्या दृष्टीने खरा फरक जमिनीखाली असतो. काळा सरळ खाली जातो, पाण्याच्या पातळीच्याही खाली, आणि बांधाचा पाया धरून ठेवतो. करडा वरच्या थरात पसरतो, मुळांवरून नवी रोपे काढतो, उतार छान झाकतो. पण पाणी पायथ्याशी खणू लागले, तर त्याचा उपयोग नसतो.

रोपवाटिकेच्या नोंदवहीप्रमाणे अकरा वर्षांपूर्वी या बांधावर सहाशे पन्नास काळे आल्डर लावले गेले. करडा एकही नाही. पावतीवर मुकादमांची सही आहे.

त्या सकाळच्या आदल्या महिन्यात, नऊ तारखेला, दुपारी पावणेचारला, हा बांध बावीस मीटर लांबीत फुटला. त्या जागेवरची एकोणीस झाडे, झडपेची खोली आणि खोलीत असलेला झडपवाला पाण्याबरोबर गेला. झडप उघडली की फुगलेल्या नदीचे पाणी जुन्या कालव्यात सोडता येते. ती हाताने फिरवून उघडावी लागते, पूर्ण उघडायला तासभर जातो. झडपवाला तिसऱ्या दिवशी पाच किलोमीटर खाली सापडला. प्राथमिक अहवालात त्याच्याविषयी एक ओळ आहे: 'झडप उघडण्यास सुमारे चाळीस मिनिटांचा विलंब झाल्याने बांधावर अतिरिक्त दाब आला असावा.'

त्याची बायको त्या सकाळी तिथेच होती. तिला कुणी बोलावले नव्हते आणि जा असेही कुणी म्हटले नव्हते. अधिकारी जेव्हा जेव्हा बांधावर आल्या, तेव्हा ती दहा पावले मागे राहून चालत आली होती. तिचे म्हणणे एकच होते आणि ते तिने प्रत्येकाला त्याच शब्दांत सांगितले होते: "दोन पन्नासला गेले ते. घड्याळ बघूनच जायचे. मी म्हटलं, जेवून तरी जा, तर म्हणाले, आल्यावर."

अहवालात ते साडेतीनला गेले असे धरले होते. साडेतीन हा आकडा कुठून आला, हे अहवालात नाही.

*

"एक विचारू, मुकादम?" बत्तिसाव्या झाडापाशी अधिकारी म्हणाल्या. "पानावरून इतकं सरळ कळतं, मग चूक होतेच कशी? शाळेतल्या पोरालाही कळेल."

"पानं असताना कळतं, मॅडम."

"मग पानं असतानाच वेगळी करायची."

"पानं असताना वाफ्यातून रोप उपटत नाहीत. जागं रोप उपटलं की मेलं. ते झोपलं पाहिजे. थंडीत पानं गळाली, रस खाली गेला, मग उपटायचं." मुकादम थांबून दम घेत बोलत होते. त्यांचे वय एकाहत्तर आहे. "बी जंगलातून पोत्यानं यायचं, दोघांचं मिसळलेलं. वाफ्यात दाटीवाटीनं दोघं उगवायचे. दोन वर्षांनी थंडीत उपटून समोर ढीग टाकला की नुसत्या काड्या. त्या काड्यांतून थोरला कुठला नि धाकटा कुठला ते काढायचं."

"कसं?"

त्यांनी अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली. "बोटांनी. थोरल्याचा शेंडा चिकट असतो, गोंद लावल्यासारखा. धाकट्याच्या शेंड्यावर लव असते, मांजराच्या कानावर असते तशी. शेंडा चिमटीत धरायचा. चिकटला, डावीकडे. मऊ लागला, उजवीकडे. पन्नास झाले की जुडी. थोरल्याला तांबडी फीत, धाकट्याला पांढरी."

"डोळ्यांनी नाही बघायचं?"

"अकरा हजार रोपं, चौदा दिवस, शेडमध्ये एक दिवा. बघत कोण बसतं?"

"आणि चूक किती धरायची?"

"पन्नासात दोन-चार. तेवढी कुठंही असते."

अधिकाऱ्यांनी मुलीच्या हातातली वही घेतली, दोन्ही रकाने मोजले आणि वही परत दिली. त्यांनी काही विचारले नाही. पत्रकारांशी आणि चौकशी अधिकाऱ्यांशी बोलताना माणसे शांतता भरून काढण्यासाठी बोलू लागतात, हे त्यांना माहीत असावे. मुकादम पुढच्या झाडाकडे चालू लागले.

अठ्ठावन्नाव्या झाडापाशी, फुटलेल्या जागेजवळचा पाहणीसाठी ठरवलेला टप्पा संपत होता. हिशेब असा झाला: बत्तीस थोरले, तेवीस धाकटे आणि तीन असे, की ज्यांच्या पानाचे टोक ना आत गेलेले, ना बाहेर आलेले.

"हे कोण?" अधिकाऱ्यांनी विचारले.

"दोघांचं मिळून झालेलं. जंगलात शेजारी उभे असले की होतात."

"यांची मुळं कशी?"

"ते मला नाही सांगता येणार," मुकादम म्हणाले. "यांचं यांनाच माहीत."

*

साडेअकराला अधिकारी गाडीपाशी फोनवर बोलायला गेल्या. बापलेक एका दगडावर बसले. मुलीने थर्मासमधून चहा ओतला. ती आता त्याच रोपवाटिकेत कारकून आहे. जुनी नोंदवही तिनेच आणली होती, आणि रात्री ती चाळताना तिला एक गोष्ट सापडली होती.

"बाबा, त्या वर्षी नदीपलीकडच्या वाटिकेतूनही थोडा माल आला होता. तीस जुड्या. वहीत नोंद आहे."

"त्या रस्त्याच्या कामाला गेल्या."

"ते वहीत नाहीये. फक्त 'आल्या' एवढंच आहे. कुठे गेल्या ते लिहिलेलं नाही."

मुकादमांनी चहावर फुंकर मारली.

"ती वाटिका बंद पडून आठ वर्षं झाली," मुलगी म्हणाली. "विचारायला कुणी उरलेलं नाही. तुम्ही खोटं बोला असं नाही म्हणत मी. नुसतं म्हणा, की आल्या असतील त्यातल्या. असतील. एवढंच."

"आणि?"

"आणि आईचं नाव नको यायला. मी तुमच्याकडे आजवर काही मागितलंय?"

"लहानपणी सायकल मागितली होतीस."

"ती तरी कुठे दिलीत?"

दोघेही थोडे हसले. मग मुलीने मान फिरवली, कारण झडपवाल्याची बायको पलीकडे एका झाडाला टेकून उभी होती आणि तिला त्यांचे हसू दिसले होते.

*

मुकादमांची बायको त्या रोपवाटिकेत बावीस वर्षे कामाला होती. सगळे तिला वहिनी म्हणत, तिच्यापेक्षा वयाने मोठे असलेले साहेबही. ती शेंडे तपासत असे. हंगामात तिच्यासमोर रोपांचा ढीग असायचा आणि ती मान वर करून दाराबाहेर बघत कुणाची तरी टिंगल करत असायची, हात आपले काम करत असायचे. एकदा नव्या साहेबांनी तिची परीक्षा घ्यायचे ठरवले. शंभर रोपे डोळे बांधून वेगळी करायला लावली. अठ्ठ्याण्णव बरोबर आली. "दोन कशी चुकली?" साहेबांनी विचारले. ती म्हणाली, "ती तुमच्याकडे बघून घाबरली असतील."

खात्याने नंतर नव्या कामगारांसाठी छोटी पुस्तिका काढली. त्यात नवव्या पानावर शेंडा चिमटीत कसा धरायचा याचे चित्र आहे. ही पद्धत कुणाची, हे खाली छापलेले आहे, पूर्ण नावासकट. ते नाव छापून यावे म्हणून मुलीने दोन वर्षे अर्ज केले होते. आई गेल्यानंतरची दोन वर्षे.

वहिनींचे कर्करोगाचे ऑपरेशन बांधाची रोपे उपटली त्याच्या आदल्या उन्हाळ्यात झाले. पुढे पाच महिने औषधे चालली. केस गेले, वजन गेले, हळूहळू दोन्ही परत येऊ लागले. हंगाम सुरू झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते घरी बसा. ती म्हणाली, घरी बसून मी काय करू, भिंतीचे शेंडे तपासू? डोक्याला रुमाल बांधून ती पहिल्या दिवशी शेडमध्ये आली तेव्हा बायका उभ्या राहिल्या. "बसा बसा," ती म्हणाली, "मंत्री आलेले नाहीत."

अकराव्या दिवशी सकाळी तिने चुलीवरून उकळत्या पाण्याचे भांडे उतरवले. फडके न घेता, नुसत्या हातांनी. ते ओट्यावर ठेवले आणि कप शोधू लागली.

"अगं, हात!" मुकादम ओरडले.

"काय झालं हाताला?"

तिने तळहात उलटून पाहिले. दहाही बोटे लाल झाली होती. दोन बोटांवर फोड येत होते. ती त्यांच्याकडे दुसऱ्या कुणाची बोटे असावीत तशी पाहत राहिली. मग म्हणाली, "भांडं फार तापलं नसेल."

मुकादम त्या दिवशी तासभर आधी शेडवर गेले. ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या तांबड्या फितीच्या जुड्या रांगेने उभ्या होत्या. त्यांनी एक सोडली. पन्नासातली सतरा रोपे धाकट्याची होती. दुसरी सोडली, एकोणीस. तिसरीत चौदा. चौथी त्यांनी सोडली नाही.

त्यातल्या तेरा जुड्या दुपारी दोनच्या ट्रकने नदीच्या बांधावर जायच्या होत्या. ट्रक थांबवता आला असता. त्यासाठी कारण सांगावे लागले असते. उपटलेली रोपे फार दिवस ठेवता येत नाहीत, मुळे सुकतात, वगैरे गोष्टी त्यांनी तेव्हा स्वतःला सांगितल्या. त्या सगळ्या खऱ्या होत्या. दोन वाजता ट्रक आला. त्यांनी पावतीवर सही केली.

उरलेले तीन दिवस ते तिच्या शेजारी बसले.

"आज मुकादम खाली कसे?" तिने विचारले.

"पाठ धरलीय. म्हटलं बसून काम करावं."

"मुकादमाची पाठ काम न करता धरते होय?"

बायका हसल्या. ती जुडी बांधून मागे ठेवी, ते ती हळूच ओढून घेत, सोडत, रोपे बदलत, पुन्हा बांधत. तिसऱ्या दिवशी घरी जाताना, फाटकापाशी, ती म्हणाली, "माझ्या जुड्या तुम्ही सोडून बांधताय. गाठ तुमची आहे, मला कळते गाठ."

त्यांनी फाटकाची कडी लावली.

"त्या औषधांनी बोटं मेलीत, काही लागत नाही हो," ती म्हणाली. "आधी वाटायचं लागतोय गोंद. बावीस वर्षं लागत होता, तो लागतच राहिला. परवा भांडं उतरवलं तेव्हा कळलं, की हे नुसतं वाटतंय." थोडे चालून गेल्यावर तिने विचारले, "किती चुकल्या?"

"दोन-चार."

"पन्नासात?"

"पन्नासात दोन-चार. नेहमीएवढ्याच."

पुढच्या हंगामात ती कामावर गेली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी आजार परत आला. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात ती पुष्कळ बोलत असे, बरेचसे वाफ्यांविषयी. एकदा तिने मधेच डोळे उघडून विचारले, "दोन-चारच ना?" आणि मुकादम म्हणाले, "दोन-चारच." हे मुलीने ऐकले होते. ते कशाविषयी होते, हे तिला बांधावरच्या त्या सकाळपर्यंत कळलेले नव्हते. वहीच्या उजव्या रकान्यातल्या खुणा वाढू लागल्यावर कळले.

*

बारा वाजून चाळीस मिनिटांनी अधिकारी परत आल्या. त्यांच्या हातात जबाबाचा छापील कागद होता.

"मुकादम, दोनच प्रश्न. पहिला. या बांधावरची रोपं दुसऱ्या कुठल्या वाटिकेतून आलेली असू शकतात का?"

मुलगी नदीकडे बघत होती. झडपवाल्याची बायको आता चार पावलांवर आली होती.

"नाही," मुकादम म्हणाले. "आमचीच."

"दुसरा. जुड्या कुणी बांधल्या?"

"माझ्या बायकोनं."

मुलीने वही मिटली.

मग मुकादमांनी सगळे सांगितले. ऑपरेशन, औषधे, भांडे, सतरा, एकोणीस, चौदा. दोनचा ट्रक. अधिकारी लिहीत होत्या. मधे एकदा त्यांनी विचारले, "म्हणजे त्यांना स्वतःला हे माहीत नव्हतं?" मुकादम म्हणाले, "तिला दोन-चार माहीत होत्या. बाकीच्या मला." अधिकाऱ्यांनी ते वाक्य जसेच्या तसे लिहिले. त्यांनी विचारले, "तुम्ही सही केलीत तेव्हा तुम्हाला कल्पना होती की काय होऊ शकतं?" मुकादम म्हणाले, "मुकादमाला कल्पना नसेल तर कुणाला असणार?" तेही लिहिले गेले.

त्यांनी सही केली. पेन अधिकाऱ्यांना परत दिले.

झडपवाल्याची बायको पुढे आली.

"काका, तुम्हाला ठाऊक होतं? अकरा वर्षं?"

"हो."

"आमच्या यांना नव्हतं हो ठाऊक." तिचा आवाज चढला नाही. "रोज दुपारी याच झाडांखाली डबा खायचे. मी म्हणायची, घर शंभर पावलांवर आहे, घरी येऊन खा. तर म्हणायचे, सावली चांगली आहे. पाहुण्यांना आणून दाखवायचे. बघा, म्हणायचे, बांध कसा धरलाय."

मुकादमांनी मान खाली घातली नाही. त्यांनी एवढेच म्हटले, "तिच्यावर राग धरू नका. माझ्यावर धरा."

"मी कुणावर धरू ते मला अजून ठरवू द्या," ती म्हणाली. मग अधिकाऱ्यांकडे वळली. "मॅडम, आता ती ओळ निघेल ना? उशिरा गेले म्हणून लिहिलंय ती?"

अधिकाऱ्यांनी पेनाला टोपण लावले. "हा जबाब जोडला जाईल," त्या म्हणाल्या. "पुढचं समिती बघेल."

"म्हणजे निघेल का नाही?"

"मला आत्ता सांगता येणार नाही, ताई."

परतीच्या वाटेवर मुलगी गाडीत पुढे, चालकाशेजारी बसली. येताना ती मागे वडिलांजवळ बसली होती. घराच्या वळणावर तिने मागे न पाहता म्हटले, "तिचं एवढंच काय ते होतं, बाबा. बोटं." उतरताना मुकादमांनी गाडीचे दार जोरात लावले गेले म्हणून चालकाची माफी मागितली.

*

त्यानंतरच्या पाच महिन्यांत जे घडले ते थोडक्यात असे.

समितीची बैठक दोनदा झाली. पहिल्या बैठकीत मुकादमांचा जबाब वाचला गेला आणि परिशिष्टात पान अकरा म्हणून जोडला गेला. बांधकाम करणाऱ्यांच्या वतीने एक तज्ज्ञ आला होता. त्याचा मुद्दा असा, की उभ्या असलेल्या झाडांत करडे आहेत हे मान्य. पण बांध फुटला त्या बावीस मीटरांत कोणते होते? ती एकोणीस झाडे वाहून गेली. ती सगळी काळीही असू शकतात. तसे असेल तर दोष झाडांचा नाही, दाबाचा. आणि दाब वाढला तो झडपेमुळे. समितीला हा मुद्दा गैरलागू वाटला नाही.

खात्याने पुस्तिका नव्याने छापली. नवव्या पानावर चित्र तसेच आहे. खालचे नाव काढले आहे. मुलीला त्याचे पत्र आले नाही. रोपवाटिकेत गठ्ठा आला तेव्हा तो मोजून घ्यायचे काम तिचेच होते. दोनशे प्रती होत्या. तिने पोचपावती दिली.

झडपवाल्याविषयीची ओळ प्राथमिक अहवालात आहे तशी आहे.

दुसऱ्या बैठकीच्या आधी अधिकारी पुन्हा बांधावर गेल्या आणि फुटलेल्या जागेच्या अगदी काठावर, गाळाखाली, त्यांना एक खुंट सापडला. झाड मोडून गेले होते, पण बुंध्याचा अर्धा भाग आणि काही मुळे मातीत अडकून राहिली होती. बावीस मीटरांतले उरलेले ते एकच झाड. लाकडाचा तुकडा प्रयोगशाळेत पाठवला. उत्तर आले, की काळ्या आणि करड्या आल्डरचे लाकूड भिंगाखालीही वेगळे ओळखता येत नाही. पान पाठवावे. खुंटाला पान नव्हते, आणि थंडीत नवे फुटणार नव्हते. जनुकांची आणखी एक तपासणी असते, तिला वरून मंजुरी लागते. मंजुरी मागितलेली आहे.

अधिकाऱ्यांनी मुकादमांना फोन केला.

"खुंट जिवंत आहे का, ते कसं ओळखायचं?" त्यांनी विचारले.

"नखानं साल खरवडून बघितलीत का?"

"खाली हिरवं दिसतं."

"मग आहे. पालवीच्या वेळी फुटेल. थोरला असला तर खुंटालाच धुमारे येतील. धाकटा असला तर थोडं लांब, मुळांवरून जमिनीतून वर येतील. आणि पान आलं की मग काही प्रश्नच नाही."

"तुमचा अंदाज काय?"

मुकादमांना काय हवे होते ते सांगणे सोपे नाही. तो खुंट थोरल्याचा निघाला, तर बायकोची बोटे निदान तिथे चुकली नव्हती असे होते, आणि झडपवाल्याची ओळ कायम राहते. धाकट्याचा निघाला, तर उलट.

"मी अंदाज करणार नाही," ते म्हणाले. "एकदा केलाय."

आता ते दर बुधवारी बसने बांधावर जातात. बस नवाला पोहोचते. झडपवाल्याची बायको आधीच तिथे असते. तिने खुंटाभोवती चार काठ्या रोवून कपडे वाळत घालायची दोरी बांधली आहे, कारण दुरुस्तीचे सामान आणणारे ट्रक तिथूनच वळतात. पहिल्या दोन बुधवारी दोघे बोलले नाहीत. तिसऱ्या बुधवारी तिने विचारले, "काय बघायचं असतं नक्की?" त्यांनी तिला दाखवले: खुंटाच्या सालीवर गाठीसारखे काही फुगते का, आणि भोवतीच्या मातीत, हातभर अंतरावर, तांबूस टोक वर येते का. आता ती रोज बघते. ते आले की, "काही नाही," असे सांगते, आणि तरीही ते वाकून स्वतः बघतात. ती त्यांना डबा आणत नाही. बसायला पोते आणते.

मुलगी अजून त्यांच्याबरोबर आलेली नाही. मागच्या बुधवारी तिने त्यांना बसथांब्यापर्यंत सोडले.

बांधाच्या दुरुस्तीचे काम या महिन्याच्या सोळा तारखेला सुरू व्हायचे आहे. आराखड्यानुसार फुटलेल्या भागाचे दोन्ही काठ आणखी तीन मीटर खणून काढायचे आहेत. खुंट त्या तीन मीटरांत येतो. या भागात आल्डरला पालवी साधारण सोळा तारखेनंतर पाच आठवड्यांनी फुटते. पालवीपर्यंत ती जागा सोडावी, असे पत्र अधिकाऱ्यांनी वर पाठवले आहे. त्या पत्राला बुधवारी दुपारपर्यंत उत्तर आलेले नव्हते.